भितरकनिकातील शीळ घालणारा राखाडी-तपकिरी पक्षी कोणता, आणि तो कोकणातल्या कांदळवनात का दिसत नाही?

खाजणकाठ:

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ओडिशातील भितरकनिका राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस होतो. तिथे जाणारे बहुतेक लोक मगरी आणि खंड्या पाहण्यासाठी जातात, आम्हीही त्याचसाठी गेलो होतो, आणि दोन्हींनी निराश केले नाही. पण परत आल्यापासून डोक्यात घोळतो आहे तो मात्र एक अगदीच सामान्य दिसणारा पक्षी.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून उतरून आम्ही कनिकाच्या राजांच्या जुन्या शिकारी मनोऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेने चाललो होतो. ओहोटी होती, दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली मुळे दिसत होती. अचानक उजव्या हाताच्या झाडीतून इतकी मोठी आणि मोकळी शीळ आली की माझ्या मुलीला मागून कोणी माणूस हाक मारतो आहे असे वाटून ती वळून पाहू लागली. आधी सारख्या अंतराने तीन-चार सूर आणि शेवटी चाबूक ओढल्यासारखा एक झटका, असे तिचे स्वरूप होते. मी लिहायचेच म्हटले तर "ट्यू, ट्यू, ट्यू, ट्युइट्!" असे लिहीन. हे तीन वेळा ऐकू आल्यावर गेवा या कांदळवनातल्या झाडाच्या एका आडव्या फांदीवर पक्षी सापडला. तो चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि बुलबुलापेक्षा लहान होता. पाठ राखाडी तपकिरी, गळा व छाती फिकट राखाडी, पोट मळकट पांढरे. पट्टे, ठिपके, भुवई, तुरा असे काहीही नाही. आमच्या वाटाड्याने एकदा मान वर करून पाहिले आणि तो पुढच्या खंड्याच्या शोधात निघून गेला.

माझे दोन प्रश्न आहेत. हा पक्षी कोणता? आणि, मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी राहते, आमच्या परड्याच्या मागे तिवरांचे खाजण आहे व गेली अनेक वर्षे मी तिथले पक्षी वहीत लिहून ठेवते. तरीही ही शीळ मी इथे कधीही ऐकलेली नाही. झाडे जवळपास तीच, चिखल तोच, उड्या मारणारे निवट्या मासे तेच. मग हा पक्षी आमच्याकडे का नसावा?

टेहळ्या:

वर्णनावरून हा तपकिरी माशीमार वाटतो. हिवाळ्यात तो भारताच्या पुष्कळ भागांत येतो, दिसायला अगदी साधा असतो आणि आडव्या फांदीवर बसायला त्याला आवडते. शीळ दुसऱ्याच कोणा पक्ष्याची असू शकेल.

दुर्बीण_आणि_डबा:

टेहळ्या यांच्याशी मी सहमत नाही, आणि शीळ वगळून विचार करणे इथे विशेष चुकीचे ठरेल असे मला वाटते, कारण या पक्ष्याची खरी ओळख शिळेतच आहे. हा मँग्रोव्ह व्हिसलर असावा. त्याचे शास्त्रीय नाव पॅकिसेफाला सिनेरिआ. ग्रीक भाषेत 'पॅकिस' म्हणजे जाड आणि 'केफाले' म्हणजे डोके. लॅटिनमध्ये 'सिनेरिआ' म्हणजे राखेच्या रंगाची. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या कुळातल्या पक्ष्यांना सरळ 'थिकहेड' म्हणत असत. एडवर्ड ब्लाइथ हा कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता. त्याने १८४७ मध्ये 'सिनेरिआ' हे नाव दिले. रंगावरून नाव द्यायचे आणि रंगात राखेखेरीज काही नाही, अशी त्या बिचाऱ्याची अडचण झाली असणार.

तपकिरी माशीमार आणि हा पक्षी यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा गोंधळ होत नाही. माशीमाराचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असून त्याभोवती फिकट कडे असते, त्यामुळे त्याचा चेहरा सतत चकित झाल्यासारखा दिसतो. चोच बारीक व मुळाशी रुंद असते आणि खालच्या चोचीचा मुळाकडचा भाग पिवळसर असतो. व्हिसलरच्या डोळ्याभोवती असे कडे नसते. त्याचे डोके खरोखरच गोल आणि भरीव वाटते, व चोच काळी, शरीराच्या मानाने जाड असते. दुसरा फरक वागण्यातला, आणि तो मला अधिक भरवशाचा वाटतो. माशीमार एका जागी ताठ बसतो, हवेत झेप घेऊन किडा पकडतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येतो. व्हिसलर पानांच्या आणि फांद्यांच्या आतून हळूहळू सरकतो, पानाची खालची बाजू पाहतो, सालीच्या फटीत डोकावतो, मग बराच वेळ काहीही न करता बसून राहतो. या आळसामुळेच तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. नाचणासारखी शेपटी हलवली असती किंवा शिंप्यासारखी उभारली असती, तर वाटाड्यानेही थांबून दाखवला असता.

नर आणि मादी सारखेच दिसतात, त्यामुळे ही कोणा रंगीत नराची मादी असेल का ही शंकाही काढून टाकावी. पिल्लू नुकतेच उडू लागलेले असेल तर त्याच्या पंखांच्या पिसांना तांबूस कडा दिसतात आणि चोच काळी नसून तपकिरी असते. खाजणकाठ, आपण फोटो काढला असल्यास चोचीचा रंग आणि डोळ्याभोवतीचा भाग एवढे दोनच तपशील पाहून सांगावेत.

खाजणकाठ:

फोटो दोन आहेत आणि दोन्ही वाईट आहेत, परंतु पहिल्यात डोके बाजूने आले आहे. मोठा करून पाहिला. चोच पूर्ण काळी आहे, खालच्या बाजूस कुठेही पिवळा रंग नाही; डोळ्याभोवती कडे नाही; आणि मान जवळजवळ नसल्यासारखी, डोके थेट खांद्यांवर ठेवल्यासारखे दिसते. पंखांना तांबूस कडा नाहीत. वागणुकीबद्दल आपण लिहिले ते वाचून मला हसू आले, कारण मी वहीत "हा झोपला आहे का?" असे लिहिले होते. एकदाच तो फांदीवरून आडवा सरकला, एका पानाखाली मान वाकडी करून पाहिले, काहीतरी उचलले आणि पुन्हा तसाच बसला. शीळ घालताना मात्र गळा फुगलेला स्पष्ट दिसला, म्हणजे आवाज त्याचाच होता.

टेहळ्या:

तसे असेल तर माझे उत्तर मी मागे घेतो. गळा फुगलेला पाहिला असल्यास वादाला जागा उरत नाही. मी भितरकनिकात एकदा गेलो होतो, पण होडीतून खाली उतरलो नव्हतो आणि इंजिनाच्या आवाजात मला तिथे कावळ्याखेरीज काही ऐकू आल्याचे आठवत नाही.

पूर्वकिनारा:

पक्षी कोणता हे ठरले आहे, तेव्हा मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, जो मला अधिक मोलाचा वाटतो.

कोकणात हा पक्षी का नाही, याचे पहिले सुचणारे उत्तर म्हणजे "आपल्याकडे कांदळवन कमी आहे". ते चुकीचे आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशात कांदळवनांचे एकूण क्षेत्र ४,९९२ चौरस किलोमीटर आहे. त्यात पश्चिम बंगालचा वाटा २,११४, गुजरातचा १,१७५, अंदमान-निकोबारचा ६१६, आंध्र प्रदेशाचा ४०५, महाराष्ट्राचा ३२४ आणि ओडिशाचा २५९ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ज्या ओडिशात आपण हा पक्षी पाहिला, तिथे महाराष्ट्रापेक्षा कमी कांदळवन आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गुजरातमध्ये तो नाहीच. अर्थात कोकणातले कांदळवन खाड्यांच्या काठाने चिंधीसारखे पसरलेले आहे आणि भितरकनिकातले ब्राह्मणी-वैतरणीच्या मुखाशी एका जागी दाट आहे, हा फरक लक्षात घ्यायला हवा. परंतु एवढ्यावरून पक्ष्याचे असणे-नसणे ठरत नाही.

खरे कारण या पक्ष्याच्या कुळात शोधावे लागते. पॅकिसेफालिडे कुळात पन्नासाहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे माहेर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि त्या बाजूची बेटे हे आहे. त्यांतल्या कित्येक जाती मुळीच साध्या नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या सोनेरी व्हिसलरच्या नराचे पोट पिवळेधमक, गळा पांढरा आणि त्याखाली काळा पट्टा असतो. आपला राखाडी भाऊबंद त्या मोठ्या कुटुंबातून पश्चिमेकडे सर्वांत लांब येऊन पोचलेला आहे. बोर्निओ, जावा, सुमात्रा, मलाय द्वीपकल्प, थायलंड, म्यानमार, बांगलादेश अशा किनाऱ्या-किनाऱ्याने त्याचा प्रदेश येतो आणि सुंदरबन ओलांडून ओडिशात संपतो. भारतात या संपूर्ण कुळाचा हा एकच प्रतिनिधी आहे. तेव्हा प्रश्न "कोकणात का नाही" असा विचारण्यापेक्षा "ओडिशाच्या पुढे का आला नाही" असा विचारणे अधिक योग्य होईल.

त्याचे उत्तर म्हणून मी जे लिहितो ते नकाशावरून काढलेले अनुमान आहे. हा पक्षी स्थलांतर करत नाही. मुख्य भूमीवर तो किनाऱ्याची झाडी सोडून फारसा आत जात नाही. अशा पक्ष्याला ओडिशाहून कोकणात यायचे तर गोदावरी आणि कृष्णेच्या मुखांजवळची कांदळवने गाठून, मधले लांबच लांब वाळूचे किनारे पार करून, तमिळनाडूतून वळसा घ्यावा लागेल. तमिळनाडूत कांदळवन सारे मिळून ४५ चौरस किलोमीटर, केरळात ९, कर्नाटकात १३. पाय ठेवायला पायरी शोधावी तर ती इतकी लहान.

या अनुमानाला आणखी दोन साक्षीदार आहेत आणि ते दोघेही आपण त्याच सहलीत पाहिले असण्याची शक्यता आहे. तपकिरी पंखांचा मोठा खंड्या आणि मँग्रोव्ह पिट्टा, म्हणजे आपल्या नवरंगाचा कांदळवनातला चुलतभाऊ, हे दोघेही आग्नेय आशियाच्या किनाऱ्याने येत येत सुंदरबन आणि भितरकनिकापाशीच थांबतात. तीन वेगवेगळ्या कुळांतले, वेगवेगळे खाणारे पक्षी एकाच ठिकाणी थांबत असतील, तर अडचण त्या-त्या पक्ष्याच्या स्वभावात नसून वाटेत असावी. याच्या उलट उदाहरण कॉलर्ड किंगफिशर या दुसऱ्या खंड्याचे. तो सुंदरबनातही आहे आणि रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या खाड्यांतही आहे. मांडवी नदीतल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली यांच्या नावाचे जे अभयारण्य आहे, तिथे तो पाहायला लोक मुद्दाम जातात. तो अधिक भटक्या वृत्तीचा आणि कांदळवनाशी कमी बांधलेला आहे, असा अर्थ मी त्यातून काढतो.

खाजणकाठ:

तपकिरी पंखांचा खंड्या पाहिला, चांगला चार वेळा. पिट्टा मात्र दिसला नाही. कॉलर्ड किंगफिशर आमच्या खाडीत मी दोन वेळा नोंदवला आहे, म्हणून ही तुलना मला लगेच पटली. एक शंका उरते. हा पक्षी इतका नजरेआड राहणारा असेल, तर कोकणात तो असूनही कोणाच्या लक्षात आला नसेल, असे होऊ शकते का?

दुर्बीण_आणि_डबा:

दिसण्याच्या बाबतीत तो नजरेआड राहतो, ऐकण्याच्या बाबतीत मुळीच नाही. अशी शीळ घालणारा पक्षी ठाणे खाडीच्या किंवा आपल्या खाडीच्या कांदळवनात असता, तर खेकडे धरायला जाणाऱ्यांनी त्याला केव्हाच एखादे नाव ठेवले असते. आपल्याकडच्या लोकांनी कस्तुराला 'शीळकरी' म्हटले ते आवाजावरूनच ना? शिवाय महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे, मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पक्षी पाहणारे पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांतले बरेच जण आता आवाज मुद्रित करून ठेवतात. 'नाही' हे सिद्ध करणे कठीण असते हे मान्य, परंतु या पक्ष्याच्या बाबतीत शांतता हाच पुरेसा पुरावा आहे असे मी मानतो.

नावावरून आठवले. काही जण मराठीत मँग्रोव्ह व्हिसलरलाही 'शीळकरी' म्हणू लागले तर घोटाळा होईल, कारण शीळकरी कस्तुर हा सह्याद्रीतल्या ओढ्यांवरचा, निळ्या-काळ्या रंगाचा, वेगळ्याच कुळातला पक्षी आहे. मी माझ्या वहीत 'कांदळवनातला शीळवाला' असे लिहितो. कोणाला अधिक चांगले सुचत असेल तर सुचवावे.

चिडियाटापू:

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त सात वर्षे पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजयपुरम) आहे. पूर्वकिनारा यांच्या उत्तरात एक भर घालावीशी वाटते. मुख्य भूमीवर हा पक्षी किनाऱ्याला चिकटून राहतो हे खरे, पण इथे अंदमानात तसे नाही. कांदळवनात तो आहेच, शिवाय आतल्या उंच सदाहरित जंगलातही तो सर्रास आहे. आमच्या वसाहतीमागच्या टेकडीवर समुद्राचे पाणी कधीही येत नाही, तरी पावसाळ्याआधीच्या दिवसांत पहाटे मला त्याच्याच शिळेने जाग येते. त्यामुळे त्याला चिखल आणि खारे पाणी हवेच असते, असे म्हणता येणार नाही. बेटांवर जंगलातल्या पक्ष्यांच्या जाती मोजक्या असतात; त्यामुळे त्याच फांद्यांवर, त्याच किड्यांसाठी भांडणारे वाटेकरी कमी असतात आणि त्याला आत शिरायला जागा मिळाली असावी. मुख्य भूमीवर किनाऱ्यामागचे जंगल इतरांनी आधीच वाटून घेतलेले आहे.

रंगाबद्दलही थोडे लिहितो. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना हा पक्षी हौसेने दाखवतो आणि ते सभ्यपणे "छान आहे" म्हणून पुढे काय आहे ते विचारतात. दाट सावलीत राहणाऱ्या आणि फारशी हालचाल न करणाऱ्या पक्ष्याला राखाडी रंग फायद्याचाच आहे. जिथे दहा हातांपलीकडचे दिसत नाही तिथे रंग मिरवून तरी कोणाला दाखवणार? त्यामुळे आपली हद्द जाहीर करण्याचे सगळे काम आवाजावर येऊन पडते.

पूर्वकिनारा:

चिडियाटापू यांची भर महत्त्वाची आहे आणि माझ्या लिखाणातली एक ढिलाई तिने दाखवून दिली. मी "किनाऱ्याशी बांधलेला" असे ज्या अर्थाने लिहिले, तो अर्थ केवळ मुख्य भूमीपुरता घ्यावा. पण त्यातून मूळ मुद्दा उलट अधिक पक्का होतो. ज्या पक्ष्याला आतल्या जंगलात जाता येत नाही, ते त्याच्या अंगच्या कमतरतेमुळे नसून तिथल्या गर्दीमुळे, त्याला किनाऱ्याची पट्टी तुटली की पुढे सरकायला दुसरी वाट उरत नाही.

याच कारणाने मुख्य भूमीवर कांदळवन गेले की हा पक्षीही जातो. जगभरातला विचार केला तर तो संकटात नाही, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. परंतु भितरकनिकाच्या आसपास कोळंबीच्या शेतीसाठी बांध घालून खारे पाणी अडवण्याचे प्रकार झालेले आहेत. त्या बांधांना तिथे 'घेरी' म्हणतात. पूर्वी उभी झाडी असलेल्या जागी आता उघड्या तळ्यांवर बगळे दिसतात. बगळ्यांचे त्यात काही बिघडत नाही, व्हिसलरचे सगळेच बिघडते.

टेहळ्या:

मी या मार्चमध्ये पुन्हा भितरकनिकाला जाण्याच्या विचारात आहे. मोबाइलवर या पक्ष्याचा मुद्रित आवाज वाजवला तर तो समोर येतो का?

दुर्बीण_आणि_डबा:

येतो, आणि म्हणूनच वाजवू नये. मुद्रित आवाज त्याला घुसखोर वाटतो. मग खाणे सोडून तो अर्धा तास हद्द राखत बसतो. एकाच पायवाटेवर रोज पाच गट येऊन तेच करू लागले तर त्या जोडीचे काय होईल याचा विचार करावा. शिवाय राष्ट्रीय उद्यानात असे करणे नियमांतही बसत नाही. त्याऐवजी सकाळी लवकर पायवाटेवर जाऊन नुसते उभे राहावे. हा पक्षी आळशी असल्याचा फायदा इथे मिळतो: एकदा सापडला की लवकर उडून जात नाही. मार्च निवडलात ते बरे केलेत, कारण मगरींच्या विणीसाठी मे ते जुलै उद्यान पर्यटकांना बंद असते. गेव्याच्या फांद्या वाटेत आल्या तर हाताने मोडू नका. गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर पक्षी पाहण्याचा कार्यक्रम तिथेच आटोपेल.

खाजणकाठ:

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री मुलीच्या मोबाइलमध्ये त्या सकाळची चाळीस सेकंदांची ध्वनिफीत सापडली. तिने ती कशासाठी केली होती हे तिलाही आठवत नाही. सुरुवातीला आमच्या बुटांचा चिखलातला आवाज आहे, नंतर शीळ दोनदा स्पष्ट ऐकू येते, आणि तिसऱ्या वेळी नेमक्या शेवटच्या झटक्यावर ती "आई, कोण बोलावतंय?" असे म्हणते, त्यामुळे तो सूर अर्धा झाकला गेला आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरची माझी त्या दिवसाची यादी मी 'माशीमार, जाती अनिश्चित' अशी केली होती, ती आज सुधारते. ध्वनिफीत जोडताना मुलीचा आवाज कापावा की ठेवावा?

दुर्बीण_आणि_डबा:

पहिल्या दोन शिळा पुरेशा आहेत, तेवढाच भाग जोडावा. नोंदीचे ठिकाण मात्र 'डांगमाळ' (उद्यानातले मुक्कामाचे ठिकाण) असे न टाकता मनोऱ्याच्या पायवाटेचे टाकावे. मूळ ध्वनिफीत घरी तशीच ठेवा.